चढ आणि घोरणं

आतकरवाडीहून सिंहगड चढताना माझा एक मित्र दर रविवारी ताकवालीपाशी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. रोज चालणारा, भात सोडलेला गडी. पण चढ लागला की पाय उचलेनात. "आळशी आहेस, पोट कमी कर," म्हणत बाकीचे पुढे सटकायचे. हळूहळू त्यालाही ते पटलं होतं.

एकदा लग्नघरी आम्ही एकाच खोलीत झोपलो. घोरणं जोरात चाललेलं आणि मध्येच चिडीचूप. छाती वरखाली होतेय, पण हवा आत जात नाही. मग एकदम हिसका, घशातून खर्रर्र, कूस बदलली आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. वहिनींना मात्र सगळं पाठ होतं. हा स्लीप अ‍ॅप्निया. या आजाराचं निदान बहुधा बायकोच आधी करते. तिला विचारतो कोण?

स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट मिटते. किमान 10 सेकंद श्वास अडला की एक नोंद. तासाला अशा 30 नोंदी झाल्या की आजार तीव्र. दर खेपेला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकतो, रक्तदाब उसळतो. म्हणजे विसाव्याच्या वेळी हृदयाची रात्रपाळी! शरीराची डागडुजी करणारी गाढ झोप तुटत राहते. मग सकाळी चढाला दम आणायचा कुठून? थकव्यानं हालचाल कमी होते, वजन वाढतं, मानेभोवती चरबी साठते आणि ती वाट आणखी अरुंद होते. सडपातळ माणसंही यातून सुटत नाहीत, हे वेगळंच.

'वजन उतरवा' हा सल्ला खोटा नाही. नियमित व्यायामानं तर वजन फारसं न घटताही श्वास अडणं कमी होतं. पण रात्रभर झुंजलेल्या माणसाला तो सल्ला टोमण्यासारखा देणं मला क्रूर वाटतं.

2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी या आजारानं गेले तेव्हा त्याचं नाव चार दिवस छापून आलं, मग विसरलं गेलं. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मात्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 पासूनच जगापुढे ठेवलंय. मित्रानंही शेवटी ते घेतलं; त्याच्या मास्कची सवय व्हायला वेळ लागला. आजही तो गडावर शेवटीच पोचतो, पण गप्पा मारत.

तेव्हा जिमची वर्षाची फी भरण्याआधी घरच्यांना एवढं विचारा: झोपेत माझा श्वास अडतो का? उत्तर 'हो' आलं, तर डॉक्टरांना सांगून झोपेची तपासणी करून घ्या. आता ती बऱ्याचदा घरच्या घरीही होते.