चालत्या घराची पायरी

आम्ही काशीमीरा येथील रहिवासी. हें नांव ऐकतांच परगांवची मंडळी आमच्याकडे आदरानें पाहूं लागतात. परंतु आमची काशी गंगेच्या कांठची नव्हे. काशी आणि मीरा या दोन लहान गांवांचीं नांवें एकत्र येऊन हें जोडनांव झालें, आणि मुंबई-अहमदाबादचा हमरस्ता येथून वाहूं लागल्यापासून घंटानादापेक्षां हातोड्यांचा नादच अधिक ऐकूं येतो. घोडबंदरचा रस्ता त्या हमरस्त्यास मिळतो, त्याच्या आसपास मालमोटारींचीं गॅरेजें, पंक्चरवाले आणि वेल्डिंगचीं दुकानें आहेत. आमच्या मातोश्री विनोदानें म्हणतात, "काशींत राहून तीस वर्षें झालीं, पण यात्रा कांहीं घडली नाहीं."

विनोद खरा, पण त्यांत एक खंत होती. मातोश्रींचें वय आतां ८१ आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली, त्यानंतरच्या एस.टी.च्या उंच पायऱ्या चढण्या-उतरण्यांतच मातोश्रींचें आयुष्य गेलें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें गुडघ्यांनीं असहकार पुकारला. वाटेंत शौचाची सोय कोठें होईल ही एक चिंता, आणि गाडींत चढावें कसें ही दुसरी. या दोन चिंतांपायीं त्यांनीं दहा वर्षें उंबरठ्याबाहेरचा प्रवास सोडून दिला होता. पंढरपूरला एकदां जाऊन यावें एवढीच त्यांची इच्छा शिल्लक होती.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां हा शब्द आमच्या घरांत शिरला. निवृत्तीच्या पैशांतून आम्हीं एक जुनी प्रवासी गाडी विकत घेतली आणि एका कारखान्यांत तिचें चालतें घर करून घेतलें. दोन बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, शौचकूप, खिडक्यांना सौ.नें निवडलेले पडदे, असा सारा थाट झाला. दाराशीं विजेची पायरी होती. दार उघडलें कीं ती आपोआप बाहेर येई आणि दार लावतांच आंत जाई. शेजारचीं मुलें तो चमत्कार पाहावयास येत, आणि आम्हीही उगाचच दार दोन वेळां उघडून दाखवीत असूं.

गाडीची परीक्षा म्हणून आम्ही उभयतां वाई, नाशिक अशा चार फेऱ्या करून आलों. दुसऱ्या फेरीपासूनच पाऊल ठेवतांच पायरी कुरकुरूं लागली होती व किंचित् झुकतही होती. सौ.नें दोनदां बजावलें, "अहो, पायरी हलते आहे." आम्हीं सांध्यांत तेल सोडलें व कुरकुर थांबली असें समजलों. वस्तुतः कुरकुर थांबली होती, दोष थांबला नव्हता.

गेल्या ज्येष्ठांत मातोश्रींना घेऊन आम्ही अलिबागेस निघालों. तेथें त्यांची बालमैत्रीण राहते. दोघींची भेट होऊन बारा वर्षें लोटलीं होतीं. निघतांना मातोश्रींना आम्हीं दोघांनीं हातभार लावून वर चढविलें. पावसाची झड होती. चाकांनीं उडविलेला चिखल सांध्यांत बसून पायरी पुरती आंत गेली नव्हती, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. वाटेंतल्या एका गतिरोधकावर ती खालून आपटली. अलिबागेस मैत्रिणीच्या दारीं पोहोंचून गाडीचें दार उघडलें, तों पायरी वांकडी होऊन लोंबत असलेली!

आम्हीं घाईनें ओट्याखालचें स्टूल काढून जमिनीवर ठेवलें. मातोश्रींनीं एक पाय स्टुलावर टेकला, आणि ओल्या फरशीवरून स्टूल निसटलें. आम्हीं दोन्हीं दंड धरले होते म्हणून त्या पडल्या नाहींत. पण क्षणभर त्या आमच्या हातांत लोंबकळत राहिल्या आणि एक वहाण चिखलांत गेली. त्यांना पुन्हां वर बसविलें. मैत्रीण छत्री घेऊन दाराशीं आली. एक वर, एक खालीं, अशा त्या दोघी अर्धा तास बोलत राहिल्या. बारा वर्षांनीं झालेली भेट अशी, मध्यें एका पायरीचें अंतर ठेवून झाली.

परततांना मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर म्हणाल्या, "गाडी छान आहे रे. पण मला पोत्यासारखें उतरवूं नका. पंढरीला तुम्हीच जाऊन या." त्यांच्या स्वरांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य आमच्या मनांत अधिक रुतलें.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही गाडी हमरस्त्यावर नेली. एका ठिकाणीं सांगण्यांत आलें कीं, ही पायरी काढून टाका आणि नवी, अधिक भक्कम विजेची पायरी बसवा. किंमत ऐकून छातींत धस्स झालें, तरी मातोश्रींच्या त्या वाक्यापुढें आम्ही तयारही झालों होतों. परंतु ती बसविण्यापूर्वीं जुनी सोडवावयाची होती, आणि तें काम शेजारच्या एका वृद्ध वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलें. तो गाडीखालीं शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाहीं. मग आंतूनच हांक आली, "साहेब, जरा खालीं या."

आम्ही गोणपाट अंथरून त्याच्या शेजारीं आडवे झालों. गाडीच्या मालकानें गाडीखालीं असें निजावें ही आमच्या आयुष्यांतली पहिलीच वेळ. त्यानें स्क्रूड्रायव्हर तळाच्या प्लायवुडांत टोंचला, तो भिजलेल्या भाकरींत शिरावा तसा सहज आंत गेला. पायरीची चौकट गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेलीच नव्हती; ती नुसत्या प्लायवुडाला बोल्टांनीं टांगलेली होती. फळीच्या कडा उघड्या राहिल्यामुळें चाकांचें पाणी आंत मुरत गेलें, लांकूड कुजलें, बोल्टांचीं भोंकें लांबट झालीं. चौकट झुकली म्हणून दांडे तिरपे ओढूं लागले, आणि दांडे अडूं लागले म्हणून १२ व्होल्टची ती लहानशी मोटर धापा टाकूं लागली.

"साहेब, पायरी मोडली नाहीं. पायरीला धरणारें मोडलें आहे. यालाच नवी टांगाल, तर तीही पडेल."

आम्हीं ज्या कुरकुरीवर तेलाचे चार थेंब सोडले होते तिचा अर्थ आम्हांला असा गाडीखालीं निजून कळला. पडदे कोणत्या रंगाचे असावेत यावर आमच्या घरांत आठवडाभर खल झाला होता. पायरी कशाला धरून आहे, हें एकदांही कोणी विचारलें नव्हतें.

मिस्त्रीचा पुढचा प्रश्न होता, "पायरी वापरणार कोण?" आम्हीं सांगितलें. तो त्याच सायंकाळीं टेप घेऊन आमच्या इमारतींत आला. "आजी, जरा जिना चढून दाखवा," म्हणाला. मातोश्री कठडा धरून सहा पायऱ्या चढल्या आणि उतरल्या. जिन्याची एक पायरी १७ सेंटिमीटर भरली. गाडीच्या दाराचा तळ जमिनीपासून ७६ सेंटिमीटर होता आणि मोडलेली पायरी बरोबर मध्यें, म्हणजे ३८ सेंटिमीटरांवर येत असे. "म्हणजे आजींना दरवेळीं दोन पायऱ्या एकदम चढायला लावत होतां," तो म्हणाला. निवासी इमारतीच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरांहून उंच नसावी, असें राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. तो नियम आम्हीं दगडविटांच्या घरापुरताच समजत होतों. चालतें घर झालें म्हणून गुडघा कांहीं बदलत नाहीं!

अखेर असें ठरलें कीं, विजेची पायरी नकोच. तीन पायऱ्यांची एक लहानशी शिडी करावयाची. म्हणजे जमिनीपासून दारापर्यंत १९ सेंटिमीटरांचे चार सारखे टप्पे होतील. सारखेपणावर मिस्त्रीचा फार कटाक्ष होता. पहिल्या दोन पावलांत पायाला माप कळतें आणि तिसरें पाऊल तो न पाहतां टाकतो. तेथें एकच टप्पा कमीअधिक निघाला तर माणूस अडखळतो. प्रवासांत ही शिडी बिजागरींवर उलटून दाराच्या आंत उभी राहावी, म्हणजे चिखल आणि गतिरोधक यांचा प्रश्नच उरत नाहीं. गाडीस मागें दुसरें दार आहे, त्यामुळें संकटकाळीं बाहेर पडण्याची वाट मोकळी राहते. शिडीच्या पायांना फिरवून लांब-आंखूड करतां येतील असे स्क्रू असावेत. म्हणजे जमीन उंचसखल असली तरी ते टेकतात आणि भार गाडीवर न लोंबतां भूमीवर जातो.

काम चार दिवस चाललें. वेल्डिंगपूर्वीं मिस्त्रीनें गाडीच्या बॅटरीची तार आधीं सोडली. तसें न केल्यास तो प्रवाह भलतीकडे जाऊन गाडींतील नाजुक विद्युत्-यंत्रणा जळूं शकते. कुजलेली फळी कापून पाण्यांत टिकणारें प्लायवूड घातलें व त्याच्या कडा बंद केल्या. सांगाड्याच्या दोन तुळयांमध्यें एक लोखंडी आडवी पट्टी जोडली आणि बिजागऱ्या तिलाच बसविल्या. पायऱ्यांवर खडबडीत नक्षीचा पत्रा, कडांना पिवळी पट्टी, आणि दोन्हीं बाजूंस हातांत मावेल एवढ्या जाडीचा कठडा. शेवटीं मिस्त्री आपल्या दोन पोरांसह एकाच पायरीवर उभा राहिला. आम्ही म्हणालों, "आमच्या मातोश्रींचें वजन ४८ किलो आहे." तो म्हणाला, "आजींसाठीं नाहीं साहेब, आजींना धरायला जो येईल त्याच्यासाठीं."

गाडी घरीं आणली तेव्हां आम्ही हात पुढें करून उभे राहिलों. मातोश्रींनीं काठीनें पहिली पायरी ठोकून पाहिली, काठी सौ.च्या हातीं दिली आणि आम्हांस म्हणाल्या, "तूं जरा बाजूला हो." आम्ही बाजूला झालों. चढतांना धड पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं, हा त्यांचा नेहमींचा क्रम. चार टप्पे चढून त्या आंत गेल्या, बिछान्यावर टेकल्या, आणि लगेच पुन्हां उतरूनही आल्या. तिसऱ्यांदां चढल्या तेव्हां म्हणाल्या, "आतां अलिबागेला जाऊं. तिला म्हणावें, चहा ठेव. मी आंत येऊन पिणार आहें."

अलिबाग झालें, आणि कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर मार्गशीर्षांत पंढरपूरही झालें. साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक वाट आम्हीं दोन दिवसांत सावकाश काटली. महाद्वाराशीं नामदेव पायरी आहे. संतांचे चरण लागावेत म्हणून नामदेव महाराजांनीं १३५० सालीं तेथें समाधि घेतली, अशी परंपरा सांगते; समोरच चोखोबांची समाधि आहे. पायरी व्हावयाचें मागणाऱ्याच्या पायरीवर भाविक मात्र पाय देत नाहींत, डोकें टेकतात. मातोश्रींनीं तेथें हात लावून तो कपाळीं नेला.

गाडीशीं परत आल्यावर चढण्यापूर्वीं त्या पुन्हां वांकल्या आणि आमच्या शिडीच्या पहिल्या पायरीस हात लावून तोही कपाळीं नेला. नातू हंसून म्हणाला, "आजी, तें लोखंड आहे!"

"पायरी आहे," त्या म्हणाल्या आणि वर चढल्या.

आमच्या येथें वसईच्या खाडीची खारी हवा असल्यामुळें लोखंडास गंज लवकर धरतो. म्हणून दर दोन महिन्यांनीं आम्ही गोणपाट अंथरून गाडीखालीं निजतों, स्क्रूड्रायव्हरनें फळी टोंचून पाहतों, बोल्ट आवळतों, बिजागरीस ग्रीस देतों. ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं आपल्या घराच्या, मग तें चालतें असो वा स्थिर, पायऱ्या अशाच खालून पाहाव्या, एवढेंच आमचें सांगणें. आम्ही खालीं असतों तेव्हां मातोश्री दारांत बसून भाजी निवडतात, आणि वरून त्यांचा प्रश्न येतो, "काय रे, धरून आहे ना?"

"आहे," आम्ही खालून सांगतों.