मोरीला बोळा

गेले तीन महिने आम्ही काही लिहिले नाही, याबद्दल अनेक वाचकांनी प्रेमाने विचारणा केली. सीमाप्रश्नाच्या एखाद्या कामात गुंतलो असू, असा त्यांचा समज झाला. सत्य फारच साधे आहे. बेळगावच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातील सिंक गळत होते, आणि त्या गळतीपुढे आम्हांस दुसरे काही सुचत नव्हते. ही घरगुती हकीकत येथे सांगण्याचे कारण एवढेच, की ती अखेरीस भाषेपाशी येऊन थांबली.

घर शहापूरचे. शहापूर आज बेळगाव शहराचा भाग असले तरी स्वातंत्र्यापूर्वी ते सांगली संस्थानात मोडत असे. आजोबांनी बांधलेल्या या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीलगत कडप्प्याची मोरी होती. कडेला वीतभर उंचीचा कठडा, भिंतीतून बाहेर जाणारे भोक आणि त्यावर पितळी जाळी. भांडी राखेने व नारळाच्या शेंडीने घासली जात. कडप्पा हा चुनखडीचा दगड; आंबटाने तो झिजतो. आजी ज्या जागी बसून वर्षानुवर्षे चिंचेने पितळ उजळीत असे, तेवढी जागा खरबरीत झाली होती. उरलेली मोरी तळहातासारखी गुळगुळीत होती.

बावीस वर्षांपूर्वी उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी ओटा बांधला, तेव्हा आम्ही ती मोरी फोडून ओट्यात स्टीलचे सिंक बसवून घेतले. आईच्या गुडघ्यांना आराम मिळाला. त्या निर्णयाचा पश्चात्ताप आम्हांस तेव्हा झाला नाही आणि आजही नाही.

गळती सुरू झाली ती सिंकखालच्या कपाटात. प्रथम तळाची फळी फुगली, मग कुबट वास येऊ लागला. बोलावलेल्या कारागिराने सिंक आणि ओटा यांमधील फटीत पांढरे सिमेंट भरले व सहाशे रुपये घेतले. चार दिवसांत फळी पुन्हा ओली झाली. दुसऱ्या खेपेस त्याने त्याच फटीवर सिलिकॉन फिरवले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तो तीच फट खरवडू लागला, तेव्हा दाराशी खुर्चीवर बसलेली आई शांतपणे म्हणाली, "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा."

कारागीर ओशाळून हसला. आमची कन्या मात्र गोंधळली. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. तिने विचारले, "बाबा, मोरी म्हणजे काय?"

उत्तर देण्यासाठी आम्ही तोंड उघडले आणि थबकलो. दाखवायला घरात मोरीच नव्हती. घाईने म्हणालो, "सिंक." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला : "मग आजी सिंक का नाही म्हणाली? आणि बोळा म्हणजे?" पाच शब्दांच्या त्या म्हणीतील दोन शब्द तिला परके होते, म्हणजे उरलेली म्हणही तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. एकाच घरात राहणाऱ्या आजी आणि नातीमध्ये आम्ही दुभाषा झालो होतो, आणि तोही चुकीचे भाषांतर करणारा.

वाचकहो, हा प्रसंग आम्हांस झोंबला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून आमच्या घरातील प्रत्येक पिढीने मराठीसाठी काही ना काही केले आहे. मराठी फलकांसाठी, मराठीतून परिपत्रके मिळावीत यासाठी आम्ही स्वतः निवेदने लिहिली, मोर्चांत चाललो. इंग्रजी शब्दांना पर्याय सुचविण्याचा आमचा छंदही घरात सर्वांस ठाऊक आहे. एकदा आम्ही सिंकला 'प्रक्षालनपात्र' असा शब्द सुचविला होता. त्यावर आठवडाभर घरात हशा पिकला. परंतु 'मोरी' हा शब्द आमच्या मुलीच्या कानावर पडत नाही, याकडे आमचे लक्ष गेले नव्हते. हा शब्द कोणत्याही सरकारने आमच्याकडून हिरावून नेला नव्हता. मोरीचे दगड ज्या दिवशी आम्ही बाहेर काढले, त्याच दिवशी तोही आमच्या हातांनीच बाहेर गेला होता. म्हणीतील बोळा आम्ही अनेक वर्षे घट्ट बसवीत होतो. दरवाज्याकडे आमची पाठ होती.

चौथ्या खेपेस दुसरा मेस्त्री आला. हा बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. मराठी त्याला कामापुरती समजते. त्याने ओट्याच्या फटीकडे पाहिलेसुद्धा नाही. सिंकच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबून त्याने ते पाण्याने भरले, खालची बाजू फडक्याने कोरडी केली, कपाटात वर्तमानपत्र अंथरले आणि चहा मागितला. चहा संपेपर्यंत वर्तमानपत्रावर दोन ठिपके उमटले होते. पाणी तळातूनच गळत होते. "नीर सोर्तद," तो स्वतःशीच म्हणाला आणि आमच्याकडे वळून त्याने विचारले, "मोरीगे ॲसिड हाकतीरेन्री?"

मोरीत ॲसिड टाकता का, हा प्रश्न आमच्याआधी आईस समजला. ती मराठीतून म्हणाली, "मी नाही रे बाबा. ही मंडळी टाकतात." मेस्त्री हसून "हौद अज्जी" म्हणाला, आणि त्यानंतर त्या दोघांना आमची गरज उरली नाही. आई मोरी म्हणत होती, तोही मोरी म्हणत होता. कन्नडातही सांडपाण्याच्या वाटेला मोरीच म्हणतात. ज्या भाषेपासून मराठीचे रक्षण करण्यात आम्ही आयुष्य वेचले, ती बोलणारा हा कारागीर आमच्याच घरातून नाहीसा झालेला शब्द सहज तोंडात घेऊन आला होता. कन्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती.

त्याचे निदान अचूक होते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो. गंजापासून त्याचे रक्षण तोच करतो. फरशीचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांमधील क्लोराइड तो थर जागोजागी भेदते व टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी आम्ही महिन्यातून एकदा ॲसिड ओतत होतो. खरा दोष तुपातेलाचा. गरम पाण्याबरोबर ते वाहत जाते, नळीत थिजते आणि भाताची शिते धरून ठेवते. त्यासाठी ॲसिड नको. खरकटे आधी पुसून काढावे आणि सिंकखालचा ट्रॅप अधूनमधून उघडून धुवावा. ट्रॅप म्हणजे ती वाकडी नळी. तिच्या वळणात थोडे पाणी नेहमी साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी वर येऊ देत नाही. आमच्या ट्रॅपचा वायसर चेपला होता, म्हणून ते पाणी टिकत नव्हते. वासाचे कारण तेच.

तळाला जोड देण्यात अर्थ नव्हता. नवे सिंक घेणे भाग पडले. दुकानात आम्ही लोहचुंबक घेऊन गेलो. चुंबक चिकटला नाही की स्टील उत्तम, असा आमचा समज होता. मेस्त्रीने तो दूर केला. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढविलेले असते. तेही चुंबकाला दाद देत नाही, पण क्लोराइडपुढे लवकर हरते. आम्ही ३०४ प्रतीचे, १ मिलिमीटर जाडीचे सिंक घेतले.

ते बसवले जात असताना आम्ही कामातले शब्द ऐकत बसलो. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज; नळाची चावी, सिमेंटचे घमेले, पाण्याची बादली, हेही त्याच गलबतातून उतरलेले. फरशी फारशीतून आली. कडप्पा हे आंध्रातील एका जिल्ह्याचे नाव, आणि शहाबादी फरशीचे शहाबाद आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. या शब्दांनी मराठी बाटली नाही, कारण ते हातांबरोबर आले व हातांनी त्यांना राबवून घेतले. 'सिंक'ही तसाच आला आहे. तो राहील, आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमची तक्रार एवढीच, की नव्या पाहुण्याला जागा देताना घरच्या माणसाला आम्ही परसात नेऊन सोडले. मोरी हा शब्द गुजरातीत आहे, हिंदीतही आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथील वाचकांना तो शेजाऱ्यांच्या तोंडीही भेटत असेल. गोव्याच्या वाचकांना मात्र मोरी म्हटल्यावर आधी मासा आठवेल, याची आम्हांस जाणीव आहे.

काम संपल्यावर माळ्यावरच्या पेटाऱ्यातून आम्ही जुन्या मोरीची पितळी जाळी शोधून काढली. आईने ती चिंचेने घासायला लावली आणि आजी कोठे बसत असे, हे नातीला जमिनीवर बोटाने रेघ ओढून दाखवले. बोळा कशाचा करीत, तो का लावीत, उंदीर कोठून येत, हे सारे त्या ओघात आले.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर कन्या मोठ्या ऐटीत म्हणाली, "आजी, ताट मोरीत ठेवलं बरं का."

आईने चष्म्यावरून पाहिले. "मोरी कसली? सिंक ते. मोरी खाली असते, बसून घासायची."

आईचेच म्हणणे बरोबर आहे, हे आम्हांस मान्य करावे लागले. तेव्हा वाचकांस एवढीच विनंती : घरात वडीलधारे माणूस असेल, तर पुढचे निवेदन लिहिण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा स्वयंपाकघरात उभे राहा, आणि तेथून काय काय गेले, ते नावानिशी विचारून घ्या. मुलांना सोबत घ्या.