आर्वीची वाट आणि डाव्या पायाचा हिशेब

वर्ध्याहून आर्वीला महिन्यातून एकदा जावयाचे, हा आमच्या घरचा अनेक वर्षांचा नेम आहे. माझ्या थोरल्या ताई तेथे असतात. वयोमानामुळे त्यांना आता प्रवास झेपत नाही. म्हणून आपण जावे, हे ओघानेच आले. गाडी डिझेलची, हाताने गिअर बदलण्याची, आणि चालक मी.

गेल्या पावसाळ्यात डावा गुडघा कुरकुरू लागला. क्लच दाबताना कळ मस्तकात जाई. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता गाडी चालवणं पुरे झालं." चिरंजीवांनी मध्यममार्ग सुचविला, "बाबा, माझ्यासारखी ऑटोमॅटिक घ्या." मी ठरलेले उत्तर दिले, "ती डिझेल फार पिते." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही मोजलंय का?"

आयुष्यभर इतरांची खाती तपासलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबला. चिरंजीवांची गाडी माझ्याच बनावटीची व त्याच इंजिनाची असल्याने प्रयोग सोपा होता. एका महिन्यात माझी गाडी, दुसऱ्या महिन्यात त्याची. मार्ग तोच, माणसे दोनच, चाकांतील हवा सारखी. निघताना टाकी काठोकाठ भरावयाची, परतल्यावर पुन्हा भरावयाची आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा वहीत टिपावयाचा.

पहिला टप्पा वर्धा शहराचा. बजाज चौकातून आर्वी नाक्याकडे निघालो की रिक्षा, हातगाड्या आणि अचानक थांबणाऱ्या दुचाकी. येथे स्वयंचलित गाडी स्पष्टपणे हरली. कारण तिच्या रचनेतच आहे. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तिला क्लचची तबकडी नसते. तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. मंद गतीत शक्तीचा काही अंश त्या तेलाच्या घुसळणीत उष्णता होऊन वाया जातो. पण पाय मात्र मोकळा राहतो.

येळाकेळीजवळ आपण समृद्धी महामार्गावर चढतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि आमच्या जिल्ह्यातील कापूस-तुरीच्या शेतांमधून शहरी वेग धावू लागला. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. एकसारख्या वेगात कन्व्हर्टरमधील कुलूप-क्लच जुळतो, तेलाची घसरण थांबते आणि इंजिन गिअरपेटीशी थेट जोडले जाते. त्यामुळे या टप्प्यात दोन्ही गाड्यांच्या आकड्यांत लिटरमागे एका किलोमीटरचाही फरक पडला नाही.

विरूळला खाली उतरले की पुलगाव-आर्वीचा जुना रस्ता लागतो. या दोन गावांमध्ये एके काळी अरुंद मार्गाची चिमुकली रेल्वे धावे. कापसाच्या व्यापारासाठी घातलेली. आज रेल्वे नाही, कापूस आहे. हंगामात गाठोड्यांनी फुगलेल्या बैलगाड्या पुढे असतात. त्यांच्यामागे मी सवयीने अर्धा क्लच दाबून दुसऱ्याच गिअरमध्ये रेंगाळतो. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांतही पुरेसा जोर असतो. तिसरा गिअर सहज चालला असता. स्वयंचलित गाडीने तो वेळेवर टाकला. हाताच्या गिअरचा फायदा चालक जागरूक असेल तरच मिळतो, हे तेथे कळले.

आता कागदावरचे आकडे. २०२४ च्या ह्युंदाई क्रेटाच्या डिझेल इंजिनासाठी कंपनी हाताच्या गिअरला लिटरमागे २१.८ किलोमीटर आणि स्वयंचलितला १९.१ किलोमीटर सांगते. याउलट मारुतीच्या २०१७ च्या डिझेल डिझायरला दोन्ही प्रकारांत २८.४० हाच आकडा होता. कारण तिच्यात साधीच गिअरपेटी होती. क्लच व गिअर हलविण्याचे काम तेवढे यंत्र करी. तेव्हा 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द, पण माल दोन प्रकारचा.

क्रेटाचे आकडे प्रमाण धरले, तर माझ्या वर्षाच्या ६,००० किलोमीटरना सुमारे ३९ लिटर डिझेल जास्त लागेल. लिटरला ९० रुपयांप्रमाणे ३,५०० रुपये. गाडीची जादा किंमत दीड लाख धरली, तर ७ टक्क्यांनी व्याज १०,५००. मुद्दल दहा वर्षांत पूर्ण बुडाले असे मानले, तर वर्षाला आणखी १५,०००. एकूण २९,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २,४०० रुपये. ज्या डिझेलच्या नावाने मी इतकी वर्षे नकार देत आलो, ती या ताळेबंदातील सर्वांत लहान रक्कम निघाली.

वहीतील सर्वांत मोठी नासाडी मात्र वेगळीच होती. पहिल्या खेपेस ताईंकडे गप्पांत उशीर झाला. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावयाचे म्हणून परतताना समृद्धीवर ८० ऐवजी ११० चा वेग ठेवला. एवढ्याने हवेचा रोध जवळजवळ दुप्पट होतो. त्या संध्याकाळी माझ्या 'काटकसरी' गाडीने स्वयंचलित गाडीपेक्षा अधिक डिझेल जाळले. दोष गिअरचा नव्हता, घाईचा होता. शिवाय त्याच रस्त्याने सायंकाळी माणसे व जनावरे घरी परतत असतात. त्या घाईची खरी किंमत डिझेलमध्ये मोजता येत नाही.

अखेर जुनी गाडी विकून स्वयंचलित गाडी घ्यावयाचे ठरले. सौभाग्यवतींनी दोन अटी घातल्या : आर्वीहून तीन वाजता निघावयाचे आणि वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावयाचे. दोन्ही मान्य केल्या. यंत्र पायाला विश्रांती देते, नजरेला नाही.

ताईंना हा सारा हिशेब वाचून दाखविला. त्यांनी शेवटचा आकडा तेवढा विचारला आणि म्हणाल्या, "म्हणजे तू येत राहणार ना?"