फितूर कोण?

आपल्या युद्धपटांत भीती दाखवायची एक ठरलेली रीत आहे. एक जवान घाबरतो, वरिष्ठ त्याला सगळ्यांसमोर झापतो आणि मग तो मरून आपली लाज धुऊन काढतो. ‘बॉर्डर’मधला (१९९७) मथुरादास आठवा. बायको आजारी, रजा मंजूर झालेली, म्हणून तो खूश होतो. मेजर त्याची लायकी काढतो. तो थांबतो, लढतो, मरतो. आजारी बायकोकडे जावंसं वाटण्यात लाजिरवाणं काय होतं, हे थिएटरात कोणी विचारत नाही. सगळे टाळ्या वाजवतात.

‘केसरी’त (२०१९) तर एक गोरा अधिकारीच म्हणतो की या मातीत भित्रे जन्मतात. अख्खा सिनेमा त्याला उत्तर देतो : नाही, शूर जन्मतात. म्हणजे प्रश्न साहेबाचाच राहिला, आपण फक्त उत्तर बदललं. सारागढीला १२ सप्टेंबर १८९७ रोजी पडलेल्या २१ शिखांच्या शौर्याबद्दल माझा काडीचा वाद नाही. पण ती ३६वी शीख पलटण फक्त जाट शिखांची होती. मजहबी शिखांना वेगळ्या पायोनियर पलटणी होत्या, हे पडद्यावर येत नाही. त्याच दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावं कोरली होती, ते एकाएकी ‘लढाऊ’ राहिले नाहीत. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला.

बाबासाहेबांनी १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये या लढाऊ-बिगरलढाऊ जातींच्या सिद्धांताचा समाचार घेतला आहे. त्यांच्या मते ही विभागणी मनमानी होती आणि जातिव्यवस्थेइतकीच मूर्खपणाची, कारण दोन्हींत माणसाची पारख जन्मावरून होते. पंजाबी शिपायांची भरती वाढली ती १८५७ च्या निष्ठेचं बक्षीस म्हणून, अंगच्या काही खास शौर्यामुळे नव्हे.

आणि आपली पोरं? १ जानेवारी आला की तलवारीचे रील्स, ‘रक्तातच शौर्य’ अशी कॅप्शन. ज्यांना भरतीच्या रांगेतून हाकललं, त्यांच्या नातवंडांना हे म्हणावंसं वाटतं, ते मला कळतं. पण रक्ताची भाषा ज्या कारखान्यातून आली, तिथे आपल्यासाठीही एक साचा तयार होता, हे विसरून कसं चालेल? कोरेगाव आपलं आहेच. महाडही आपलं आहे. २० मार्च १९२७ ला आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांच्यात लढाया पाहिलेले पेन्शनर सैनिक होते. बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात आवरले. त्यावर कोणी रील केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मला पटलेला युद्धपट वेगळाच आहे. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’, १९५७ चा. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच फौज. बढतीच्या आशेने एक जनरल अशक्य हल्ल्याचा हुकूम देतो. हल्ला फसतो. मग भित्रेपणाच्या खटल्यासाठी तीन कंपन्यांतून एकेक शिपाई निवडायचा. एकाची चिठ्ठी निघते. दुसऱ्याला त्याचा लेफ्टनंट निवडतो, कारण रात्रीच्या गस्तीत लेफ्टनंट स्वतःच घाबरून पळाला होता आणि या शिपायाला ते ठाऊक होतं. तिसरा निवडला जातो तो समाजाला नकोसा म्हणून. तिघांनाही गोळ्या घालतात. एम.ए.ला लेबलिंग थिअरी पाठ केली होती. समजली ती या तिसऱ्या शिपायाकडे बघून. गोष्ट सिनेमाची असली तरी हवेतली नाही. त्याच युद्धात भित्रेपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली ब्रिटिशांनी आपल्याच ज्या शिपायांना गोळ्या घातल्या, त्यांच्यापैकी ३०६ जणांना माफी मिळाली २००६ मध्ये.

आपल्याकडे हा खटला रोज चालतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदाराने जबाब फिरवला की पेपरात येतं : ‘साक्षीदार फितूर’. फितूर हा शब्द किल्ल्यांचा, वेढ्यांचा. शत्रूला दरवाजा उघडून देणाऱ्याचा. इथे तो कोणाला लावतात? ज्याची मजुरी आरोपीच्या शेतात आहे, किराणा आरोपीच्या भावकीच्या दुकानात आहे, त्याला. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात साक्षीदाराच्या संरक्षणाचं कलम १५अ आलं. ते ज्यांनी राबवायचं त्यांना फितूर कोणी म्हणत नाही. आपले कार्यकर्तेही चिडून साक्षीदारालाच शिव्या घालतात.

तथागतांनी भीती नाकारली नव्हती. मज्झिम निकायातलं भयभेरव सुत्त वाचा. बोधीपूर्वी रानात एकटे असताना हरीण आलं, मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाला सळसळला, की भीती येई. चालताना आली तर ते चालतच राहत. ती जाईपर्यंत ना थांबत, ना बसत.

साक्षीदारांसोबत कोर्टात जाणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. एका ऊसतोड बाईंची साक्ष होती. बंदोबस्त मागितला होता, आला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचा हात धरला तर तो थरथरत होता. त्या म्हणाल्या, “भ्या वाटायलंय ताई. पण झालं ते सांगते की. तुमी फकस्त शेवटची यष्टी किती वाजता, तेवढं बघून ठिवा.” साक्ष संध्याकाळपर्यंत लांबली. उलटतपासणीत त्या एका शब्दाने फिरल्या नाहीत. एसटी मात्र चुकली, आणि ती रात्र आम्ही दोघींनी तालुक्याच्या विहारात काढली.