जांभ्याचा चढ आणि दोन जुन्या गाड्या

दापोलीहून दाभोळच्या खाडीकडे उतरताना आमच्या मोहल्ल्याची वाट लागते. शेवटचा चढ जांभ्याचा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. अम्मीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचे म्हणून जुनी गाडी बघत होतो. समोर दोन होत्या, मारुती ८०० आणि ओम्नी. इंजिन दोन्हींचे ७९६ सीसीचेच, पण आठशेला पुढची चाके ओढतात, ओम्नीला मागची ढकलतात.

रिकामी असताना ओम्नीची मागची चाके हलकी पडतात आणि शेवाळावर जागीच फिरतात. आठशेच्या ओढणाऱ्या चाकांवर इंजिनाचेच वजन असते, ती निमूट चढते. मात्र मागे माणसे आणि नारळाची पोती भरा, सगळे उलटे होते! चढावर भार मागे जातो. ओम्नी पकड घेते, आठशे घसरते.

आठशे घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवावी. पुढून कटकट ऐकू आली तर ॲक्सलचा जॉइंट गेलेला. ओम्नीचा खालचा लांब शाफ्ट हाताने हलवून बघावा. खारी हवा पत्रा कुणाचाच सोडत नाही, तेव्हा चटई उचलाच.

अम्मी पुढे बसणार, मागे फार तर एक जण. आठशे घेतली. ओम्नीत पायांपुढे बॉनेट नाही, तेही मनाला पटत नव्हते. ईदला मुंबईची मंडळी उतरली की चाचांची ओम्नी मागून आणू.