आडनावाचा रकाना

गेली तीन वर्षे मी शनिवार-रविवार लेखनवर्ग चालवतो. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत सुरू केला, आता अर्धे विद्यार्थी ऑनलाइन असतात. फी आठशे रुपये, एका तुकडीत पंचवीस-तीस जण. आम्ही त्याला चळवळीचं काम म्हणतो, पण पैसे घेतो म्हणजे तो व्यवसायही आहे.

पहिला फॉर्म मी दुसऱ्या एका क्लासचा पाहून बनवला. पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल, पत्ता, मूळ गाव, जात-प्रवर्ग, आधार क्रमांक. लेख लिहायला शिकवण्यासाठी आधार कशाला? मी स्वतःला विचारलंच नाही. सगळे मागतात म्हणून मीही मागितला. भरलेली यादी गूगल शीटवर होती आणि लिंक असलेल्या कुणालाही ती उघडत होती.

दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीने आईवर लेख लिहिला. गावातलं पाणी, वस्ती, अपमान, सगळं त्यात होतं. वर्गातला तो सर्वांत चांगला लेख. पुढच्या तुकडीची जाहिरात म्हणून मी तो तिच्या पूर्ण नावासह व्हॉट्सॲपवर फिरवला. तिला विचारलं नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. "सर, लेख घरमालकिणीपर्यंत पोचला. खोली सोडायला सांगितलंय. आडनावावरून कळत नव्हतं, म्हणून तर खोली मिळाली होती."

मी तावातावाने म्हणालो, आपण तक्रार करू, लढू.

ती म्हणाली, "लढायचं की नाही ते मी ठरवलं असतं ना सर? माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

हे सांगितल्यावर काही कार्यकर्ते मित्र चिडले. म्हणाले, आपण जात लपवायची का? बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला ना? मित्रांनो, १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा पारशी नाव धारण करून ते पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. ही हकीकत आपल्याला कुणी सांगितली? त्यांनीच, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. आपल्या शब्दांत, आपण ठरवलेल्या वेळी. स्वतः सांगणं हा स्वाभिमान आहे. दुसऱ्याने परस्पर सांगणं म्हणजे आपला निर्णय हिरावून घेणं आहे. जमावाने बडोद्यात केलं ते द्वेषाने; मी केलं ते निष्काळजीपणाने. राहती जागा दोन्हीकडे गेलीच.

दुसरा आक्षेप असा, की मग जातनिहाय जनगणना का मागता? कारण जनगणना आकडे देते, नावं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची माहिती गोपनीय असते. आकड्यांतून अन्याय दिसतो. नावासकट उघडी पडलेली यादी मात्र अन्याय करणाऱ्याला पत्ता देते.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. माहिती कशासाठी घेतो ते सांगा, संमती घ्या, संमती देण्याइतकंच ती मागे घेणं सोपं ठेवा, असं तो सांगतो. ही सूचना मराठीतही मागता येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: २०१९ च्या विधेयकात जात आणि जमात 'संवेदनशील' माहितीत होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. ईमेलचा पत्ता आणि जात एकाच पारड्यात! म्हणजे कायद्याने सोडलेली काळजी आपल्यालाच घ्यावी लागणार.

आता माझ्या फॉर्मवर तीनच प्रश्न आहेत: कोणत्या नावाने हाक मारू, कुठे संपर्क करू, फी-सवलत हवी का. सवलतीसाठी पुरावा मागत नाही. यादीला कुलूप आहे. तुकडी संपल्यावर हिशेबाला लागतील तेवढ्या पावत्या ठेवून बाकीचं पुसतो. लेख ज्याचा त्याचा. बाहेर द्यायचा तर दर वेळी लेखी विचारतो, नावासह की टोपणनावाने. एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासने नंबरमागे पाच रुपये देऊ केले होते. नाही म्हटलं. आपल्या पोरांचे नंबर विकून चळवळ चालत नाही.

त्या मुलीची फी मी परत केली. तिने ती घेतली. वर्गात ती पुन्हा आली नाही.

आता तुमचा मोबाइल उघडा. शिबिराची, रक्तदानाची, मोर्चाची, वसतिगृहाची यादी त्यात असेल. किती नावं आहेत, ती कुणाकुणाला पाठवलीत, आणि ज्यांची नावं आहेत त्यांना विचारलं होतं का? संघटन विश्वासावर उभं राहतं. तो विश्वास आधी आपल्या यादीत दिसू दे.

जय भीम!