सोलनची अळंबी आणि सुभेदार साहेबांचं वजन

सध्या आमची पलटण डगशाईला आहे. इथून सोलन जवळ, आणि सोलन म्हणजे १९९७ पासून 'भारताचं मश्रूम शहर'. पांढऱ्या बटण मश्रूमची आपल्याकडची लागवड तिथेच १९६१ साली सुरू झाली. चंबाघाटला मश्रूम संशोधनाचं सरकारी संचालनालयही आहे. गव्हाचं काड आणि कोंबडीखत कुजवून केलेलं कंपोस्ट, त्यावर मातीचा थर आणि १४ ते १८ अंशांचा गारवा, एवढ्यावर हे पीक अंधाऱ्या खोलीत येतं. रानातली गुच्छीही याच डोंगरांत मिळते, पण तिचा भाव ऐकला की मी पुढच्या दुकानाकडे वळतो.

हे सगळं आठवायचं कारण आमचे एक सुभेदार साहेब. साताऱ्याकडचे, २७ वर्षं नोकरी झालेले. फौजेत वजन ही खासगी बाब नसते, हे माजी सैनिक वाचकांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगतो: दरवर्षी मेडिकल होतं. उंची आणि वयाच्या तक्त्यापेक्षा वजन फार पुढे गेलं की 'शेप-वन' जातं, 'पी'च्या रकान्यात एकाचा दोन होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा बोर्ड. तोवर कोर्स, बढती सगळं त्या आकड्यापाशी अडतं. साहेबांची बढतीची वेळ नेमकी याच वर्षी आलेली. आकडा सुधारला नाही तर याच हुद्द्यावर पेन्शन.

खडकवासल्याला आम्ही एनडीएत होतो तेव्हा पहाटेची पीटी, ड्रिल, पोहणं, क्रॉसकंट्री. मेसमध्ये दोन हजारांच्या आसपास पोरं एकाच वेळी जेवायची आणि ताटात काय पडलंय हे बघायलाही कुणाला फुरसत नसायची. ती भूक चाळिशीनंतरही तशीच राहते. धावणं मात्र फायलींनी खाल्लेलं असतं. माझाही काटा तक्त्याच्या कडेवरच उभा आहे, म्हणून साहेबांचं दुखणं मला जरा जास्तच कळलं.

एमओने सांगितलं, खाणं कमी करा. साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला की जेसीओ मेसमध्ये जाणंच बंद. खोलीत एकटेच काकडी आणि उकडलेला दुधी खायचे. रात्री अकराला भूक लागली की घरून आलेला चिवडा. ज्या माणसाच्या टेबलाभोवती जेवताना हमखास पाच-सहा जण जमायचे, त्याचं असं पंगतीतून उठून जाणं मला वजनापेक्षा जास्त खटकलं. अशी माणसं हळूहळू गप्प होतात. मी ते आधी एक-दोनदा पाहिलंय.

एका रविवारी सोलनहून दोन किलो मोठाली बटणं घेऊन मी थेट जेसीओ मेसच्या स्वयंपाकघरात गेलो आणि साहेबांना बोलावून घेतलं. टू-आय-सीला चुलीपाशी बघून कुक बिचारा सावधान झाला. साहेबांनी टोपलीत डोकावून पाहिलं.

"अळंबी व्हय? आमच्याकडं पयल्या पावसात वारुळावर येती ती खरी. ही आपली कारखान्यातली."

"चालेल, साहेब. हिच्या शंभर ग्रॅममधे २२ कॅलरी. चिवड्याचा हिशेब मांडू का?"

ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

कृती साधी आहे, पण मश्रूमचा ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणी, हे विसरलं की सगळं लिबलिबीत होतं. मश्रूम भिजत घालायचे नाहीत. धारेखाली पटकन धुवून कोरडे पुसायचे. देठ हळूच फिरवून काढायचे आणि बारीक चिरायचे, टाकायचे नाहीत. कांदा, आलं, लसूण, हिरवी मिरची एक चमचा तेलावर परतून त्यात देठ घालायचे आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत राहायचं. इथे घाई नको, चवीचा निम्मा भाग इथेच तयार होतो. मग साय काढलेल्या दुधाचं पनीर कुस्करून, मिरपूड, कोथिंबीर, आणि मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर पुन्हा पाणी सुटतं. वाट्या कोरड्या तव्यावर पालथ्या ठेवून तीन-चार मिनिटं शेकायच्या, उलट्या करून साठलेलं पाणी सारणात ओतायचं, सारण दाबून भरायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं.

तेल चमच्याने मोजायचं, हाताने ओतायचं नाही. पाच मिलीचा एक चमचा म्हणजे चाळीसच्या वर कॅलरी. आमच्या कुकचा डाव एका फटक्यात असे दहा चमचे ओततो. कुकला हे पटवणं मला बटालियनचा वार्षिक फायरिंगचा कार्यक्रम आखण्यापेक्षा अवघड गेलं. दहा बटणांची भरलेली ताटली दोनशे कॅलरींच्या आसपास बसते, सोबत एक भाकरी. ज्वारीचं पीठ इथे मिळत नाही, सुट्टीवरून येणारा जवान आणतो.

मुख्य म्हणजे ती ताटली आजाऱ्याची दिसत नाही. त्या दुपारी साहेब टेबलावर बसले आणि बाकीच्यांनी त्यांच्याच ताटातली दोन-दोन उचलली. एक तरुण नायब सुभेदार म्हणाला, "साहेब, आम्हालाही हाच मेनू लावा." साहेबांनी त्याच्या सडपातळ पोटाकडे पाहून त्याला पळवून लावलं.

आता आठवड्यातून दोनदा हा बेत असतो. रोज संध्याकाळी साहेब आणि मी चर्चपर्यंतचा चढ चालून येतो. बोलणं बहुतेक पाऊस, ऊस आणि त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल. साडेचार किलो उतरलेत, अजून तीन राहिलेत, आणि बोर्ड पुढच्या महिन्यात आहे.

परवा मेसमध्ये गेलो तर सारणाला झणझणीत वास. साहेबांनी मिरचीचा खर्डा घातला होता, शेंगदाणे वगळून.

"तेल किती, साहेब?"

"येकच चमचा. तुमच्या कुकला इचारा, त्यो मोजत हुता."